इंग्लिशमध्ये सांग

ज्यांना हसायचं असेल त्यांनी पुढे वाचूच नये. ही माझ्या सख्ख्या मावशीवर गुदरलेली गोष्ट आहे, आणि मावशी थापा मारणाऱ्यातली नाही.

मावशी परदेशात एका इंटरनॅशनल शाळेत नर्स होती, तिथल्या भाषेत मेट्रन. शाळा ब्रिटिश पद्धतीची. ब्लेझर, टाय, मुलं राहायलाही तिथेच. आवारात फक्त इंग्लिश बोलायचं, हा नियम.

त्या वर्षी एक मराठी मुलगी नवीन आली. एवढीशी. मावशी तिला मनातल्या मनात चिमणी म्हणायची.

एका सकाळी चिमणी पोट धरून आली.

"मावशी, इथे खूप..."

नेमक्या मुख्याध्यापिका दारात उभ्या.

"इंग्लिशमध्ये सांग," मावशी म्हणाली. नोकरी नवी होती ना.

चिमणीचे ओठ हलले. शब्द काही सापडेना. ती तशीच वर्गात परत गेली.

संध्याकाळपर्यंत अपेंडिक्स फुटलं. पोर हाती लागली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या. भर दुपार. सगळी शाळा मैदानावर. आजारी मुलांच्या खोलीत मावशी एकटीच चादरी बदलत होती.

आणि पडद्यामागून आवाज आला...

"मेट्रन... मे आय स्पीक?"

कोणीतरी धडपडलं असेल, असं वाटून मावशीने पडदा सारला.

खाट रिकामी.

आता आवाज पलीकडच्या पडद्यामागून...

"मे आय स्पीक?"

उच्चार अगदी स्वच्छ. पण आवाज चिमणीचा.

मावशीने हातातली चादर टाकली. "बोल गं बाळा! मराठीत बोल. कुठे दुखतंय?"

खोली चिडीचूप. मैदानावरचा आरडाओरडाही ऐकू येईना.

मग अगदी कानाशी...

"इथे मराठी नाही बोलायचं, मावशी."

मावशीने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. आता ती आमच्याकडेच असते. दुपारी घर शांत झालं की तिच्या खोलीतून हळूच ऐकू येतं, "बोल बाळा."

एकदा मी आत गेले. मावशी कान देऊन बसली होती. मला काहीच ऐकू आलं नाही.

"काय म्हणतेय?"

"परवानगी मागतेय."

"मग देऊन टाक ना!"

"रोज देते गं." मावशीने पदराने डोळे टिपले. "तिला खरंच वाटत नाही. चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तरी बरं झालं असतं."

त्या दुपारपासून मी त्या खोलीत फारसं बोलत नाही.

भीती वाटते म्हणून नव्हे...

कोणीतरी आत्ता बोलायला तोंड उघडलंय, आणि आपणच मध्ये बोलतोय, असं वाटत राहतं.