दोन खांबांच्या मधोमध

मागे येणारी व्हॅन धाडकन स्टँडवर आदळली आणि शिंप्याच्या दुकानाबाहेर टांगलेले सगळे कोट धुळीत लोळले.

"तरी ओरडत होतो, स्टँड बघ, स्टँड बघ!" शेजारी बसलेल्या बाबांनी कपाळाला हात लावला. बाबांचा उभा जन्म अँब्युलन्स चालवण्यात गेला. आता त्यांचे डोळे थकले होते आणि लेकीने हट्ट धरला होता, मीही अँब्युलन्सच चालवणार. त्यासाठी कुणाची तरी जुनी व्हॅन मागून आणून रोज सकाळी सराव चालला होता.

लेक घाबरतच व्हॅनमधून खाली उतरली. दुकानातून गळ्यात टेप अडकवलेला एक तरुण धावत आला.

"माफ करा हं… खूप खराब झाले का?"

"कोटांचं काय, झटकले की झालं. तुम्हाला लागलं नाही ना?" तो म्हणाला आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिला. ती उगीचच कोट झटकू लागली.

बाजारात त्याला 'बघूशेठ' म्हणत. दुकान काकांचं. काका विचारत, दुकान वाढवायचं का? "बघू." लग्नाचं काय? "बघू." हात सोन्याचा, पण गडी वारा येईल तिकडे जाणारा.

ती मात्र अगदी उलट. दुकानामागच्या मैदानात बाबांनी दोन खांब रोवले होते. परीक्षेत अशाच दोन खांबांमधून गाडी एका दमात मागे न्यायची होती. पास झाली की दूरच्या गावातल्या हॉस्पिटलात नोकरी ठरलेली. पण डावा खांब काही केल्या तिला सोडत नव्हता. घास गिळवेना, झोप लागेना.

एकदा बघूशेठ व्हॅनच्या खिडकीशी आला. "एक विचारू? मागे येताना तुम्ही काय बघता?"

"खांब! तोच लागतो ना."

"आणि जायचं कुठे असतं?"

"खांबाला न लागता…"

"ते झालं काय नको ते. हवंय काय?"

एवढे दिवस बाबा "खांब, खांब" ओरडत होते, ती खांब बघत होती, आणि गाडी इमानेइतबारे खांबावर जात होती.

तो सरळ चालत गेला आणि खांबांच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "आरशात मला बघा. माझ्यापर्यंत या!"

"वेड लागलंय का? चिरडले जाल!" ती ओरडली.

"मग काकांची कटकट तरी सुटेल माझी!"

बाबा ओरडत राहिले, तो हलला नाही. तिचे तळवे घामाने भिजले. आरशात त्याचा चेहरा इवलासा होता, हसू ओढूनताणून आणलेलं… म्हणजे तोही घाबरला होता तर! खांब दोन्ही बाजूंनी कधी मागे पडले, तिला कळलंच नाही. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती खाली उतरून त्याच्यावर भडकली, आणि भडकता भडकता तिचे डोळे भरून आले.

"परत असं उभं राहायचं नाही!"

"बरं," तो हळूच म्हणाला. "मग उद्या कुठे उभा राहू?"

तिला हसू फुटलं. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. गाडी आता सरळ जाऊ लागली होती, आणि तिला नवीच भीती लागली. परीक्षा जवळ येत होती, म्हणजे जाणंही.

"मी पास झाले तर जाणार… माहितीये ना?"

"हो."

"मग… आपलं?"

"बघू," तो म्हणाला, आणि ती गाडीत जाऊन बसली.

परीक्षेला मागच्या भिंतीपाशी उभा राहीन, असं त्याने कबूल केलं होतं. तो आलाच नाही. आरशात नुसती भिंत. शेजारचे परीक्षक घड्याळ बघत होते. खांब अंगावर येतायत असं वाटलं. नजर डावीकडे सरकलीच होती… तिने ती ओढून आणली. मला जायचंय कुठे? भिंतीत एक झरोका होता. तिने नजर त्यावर धरली. ती मनाशी म्हणाली, मागे पेशंट आहे आणि हे हॉस्पिटलचं दार आहे. झरोका मोठा होत गेला. गाडी थांबली.

"पास," परीक्षक म्हणाले.

ती धावत फाटकाबाहेर आली, तर तो तिथेच उभा. मान खाली.

"कुठे होतास तू?"

"इथेच, सकाळपासून. आत यायची हिंमत झाली नाही. सकाळी… मनात आलं, तू नापास व्हावीस. एकदाच आलं, पण आलं. असं मन घेऊन तुझ्यासमोर कसा उभा राहणार होतो?"

तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट त्या 'बघू'मागचं खरं कळलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला पुरता श्वास घेता आला.

"मग माझं ऐक," ती म्हणाली. "मला ती गाडी हवी आहे. आणि मला तू हवा आहेस. दोन्हीतलं एकही सोडणार नाही. आता तुझं बोल. आत्ता."

त्याने मान वर केली. "तू. मला तू हवीस. पुढच्या उन्हाळ्याच्या आत तुझ्या गावात माझं स्वतःचं दुकान टाकतो. तोवर दर रविवारी येईन."

"आणि… नाहीच जमलं तर?"

"जमवीन."

फाटकाबाहेर थांबलेले बाबा घाईघाईने पाठ वळवून व्हॅनच्या टायरची हवा तपासू लागले. तिची भीती काही गेली नव्हती. नवं गाव, अनोळखी रस्ते, रविवार ते रविवार. पण भर रस्त्यात, फाटकातून बघणाऱ्या परीक्षकांच्या देखत, तिने आपल्या घामेजल्या हातात त्याचा हात घट्ट धरला.