एक्केचाळिसाव्या मिनिटाची बाई

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. जिच्या बाबतीत हे घडलं तिच्याच तोंडून मी ऐकलंय, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

गेल्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे तीन. तिच्या मामाचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

मामाला भयपटांचं भारी वेड. तेही गाजलेले नकोत. कुणी नावही न ऐकलेले, चार दिवसांत थिएटरमधून उतरलेले. "पैसा नसला की दिग्दर्शक डोकं वापरतो," हे त्याचं लाडकं मत. नऊ वर्षांपूर्वी आजारपणात त्याचे दोन्ही कान गेले, पण वेड काही गेलं नाही. भाचीचं कामच सबटायटल लिहिण्याचं. त्याच्यासाठी ती प्रत्येक आवाज लिहायची. 'दार करकरतं.' 'जिन्यावर पावलं.'

त्या दिवशी नवाच, छोटासा सिनेमा होता. एक्केचाळिसाव्या मिनिटाला नुसती रिकामी खोली दिसते. तिथे तिने लिहिलं होतं, 'शांतता.'

मामाने सिनेमा थांबवला.

"इथे चुकलीस बघ. शांतता कुठाय? बाई बोलतेय की."

मामा फिरकी घेतोय, असं वाटून तिला हसू आलं. तिने वहीत लिहिलं, 'तुला कसं कळलं?'

मामाचे डोळे भरून आले होते.

"ऐकू आलं गं..."

हेडफोन लावून तिने तेच मिनिट तीनदा ऐकलं. काहीच नव्हतं. लॅपटॉपवर आवाजाची रेघ सपाट होती. मग मामाच्या पाठीमागे जाऊन तिने जोरात टाळी वाजवली.

तो हललाही नाही.

तिने घाईघाईने टीव्ही बंद केला.

मामाची मान मात्र हळूच वळली... स्वयंपाकघराकडे.

"हो," तो म्हणाला. "माझी भाची आहे."

स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.

तिने वहीत लिहिलं, 'चल माझ्याकडे. आत्ताच्या आत्ता.' त्याचे दोन शर्ट पिशवीत कोंबले आणि दंडाला धरून त्याला दारापर्यंत आणलं.

तिथे मामाने हात सोडवून घेतला. रागाने नाही. उलट इतकं खुशीत तिने त्याला नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

"नऊ वर्षं नुसती हलणारी तोंडं बघतोय मी. आता कुणीतरी बोलतंय, तर तू मला इथून न्यायला निघालीस?"

मग तो पुन्हा थांबला. कान देऊन ऐकत राहिला...

"तुलाही ऐकू येतं का, विचारतेय ती."

भाचीने दाराची कडी काढली.

"मी सांगितलं तिला," मामा समजूत घातल्यासारखा म्हणाला. "अजून नाही."

ती पळाली. चपला हातात घेऊन, तीन मजले, मामाला तिथेच सोडून. ते तिचं तिलाच अजून खातं.

मामा ठणठणीत आहे. घर सोडायचं नाव काढत नाही. ती मात्र पुन्हा तिकडे फिरकलेली नाही, आणि हल्ली झोपतानाही रेडिओ चालू ठेवते.

परवा मामाचा मेसेज आला. 'ती रोज तुझं विचारते. काय सांगू?'