मापाला उभी राहिलेली पोर

शपथेवर सांगतो, या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे... एक थाप सोडून. ती कुठली ते शेवटी कबूल करीन, मध्येच विचारायचं नाही.

एक आजोबा होते. जन्मभर शिंपीकाम केलेले. त्यांची सून इस्पितळात नर्स. शनिवार-रविवार तिला ड्यूटी लागली, म्हणून नातीला आजोबांकडे सोडायला आली. पोर क्षणभर एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत.

"बाबा, मशीनला हात लावायचा नाही," सुनेने दारातच बजावलं. "परवा दिसलं नाही म्हणून सुई बोटात घुसवून घेतलीत. पुन्हा तसं झालं, तर हिला पाळणाघरात ठेवावं लागेल. रागावू नका."

"छे गं! मशीनकडे ढुंकूनसुद्धा बघणार नाही."

स्कूटर कोपऱ्यावर वळली न वळली तोच आजोबांनी नातीला डोळा मारला. सोमवारी शाळेत तिचा नाच होता, आणि कपाटात पिवळंधम्मक कापड कधीपासून दडवून ठेवलेलं होतं. असा फ्रॉक शिवायचा, की सुनेने तोंडात बोट घातलं पाहिजे!

"चल, आधी मापं."

"आधी लपाछपी!" आणि भिंगरी पसार.

आजोबांनी पलंगाखाली पाहिलं, दारामागे पाहिलं. कापडासाठी हात तर शिवशिवत होते. शेवटी त्यांनी हात टेकले. "हरलो गं बाई! ये आता मापाला."

आली. आतल्या खोलीतून, अनवाणी. बाहेर आभाळ भरून आलेलं, पडदे ओढलेले. चष्मा आजोबांच्या कपाळावर. शिंप्याला तोंड कशाला बघायला लागतं? खांदा, छाती, उंची... बोटंच सगळं बघतात. पोर पाठमोरी उभी राहिली. जराही हलली नाही. बंद ट्रंकेत वर्षानुवर्षं पडलेल्या कापडाला येतो, तसला वास येत होता. मान गार.

"शहाणी गं माझी बाय! आज कशी काय उभी राहिलीस?"

अगदी हळू आवाज आला... "दुमड... मोठी ठेवा."

आजोबा खो खो हसले. "ऐका! आईसारखी बोलायला लागली!"

मग काय, मशीन सुसाट सुटलं. सुईत दोरा पहिल्याच झटक्यात! आजोबांना पुन्हा पंचविशी चढली. तळाला भरपूर कापड आत दुमडून त्यांनी शेवटची शिवण घातली, तोवर संध्याकाळ झाली होती. इतक्यात जिन्याखालच्या कोनाड्यातून भिंगरी डोळे चोळत बाहेर आली. गालावर चटईची नक्षी.

"आजोबा, मी झोपूनच गेले. तुम्ही मला शोधलंच नाही!"

"अगं, मघाशी मापं कुणी दिली मग?"

"कधी?"

आजोबांनी चष्मा खाली ओढला. फ्रॉक तिच्या डोक्यावरून घातला, तो खांद्यावरच अडकला. तंग. आणि लांब किती, पार घोट्यापर्यंत! त्यांच्या हातून असं माप कधी चुकलं नव्हतं. फार घाबरले बिचारे. टेप हातातून गळून पडली.

पण उद्या सून येणार. फ्रॉक बिघडला म्हणजे डोळे गेले, आणि डोळे गेले म्हणजे भिंगरीही गेली! त्यांनी दिवा लावला, नातीला समोर घेतलं. या खेपेला प्रत्येक मापाआधी तिचं तोंड बघितलं. उरलेल्या कापडात दुसरा फ्रॉक बेतला. मशीन चालू असताना पलीकडचा पडदा मधूनमधून फुगत होता. खिडकी तर बंद होती.

रविवारी सून आली, तेव्हा भिंगरी पिवळ्या फ्रॉकमध्ये गरगर फिरत होती. सुनेने बाह्या पाहिल्या, शिवण उलटून पाहिली.

"शब्द मोडलात ना, बाबा?"

"मोडला."

"हात मात्र तस्साच आहे हो." ती हसली. "दर शनिवारी आणत जाईन. पण सुईत दोरा हिने ओवायचा. आणि हा खुंटीवरचा दुसरा कुणाचा?"

"तो... नमुना."

आता माझी कबुली. आजोबा घाबरले, टेप गळून पडली वगैरे मी म्हणालो ना, ते माझ्या पदरचं. मुळीच घाबरले नव्हते. भिंगरी आता मोठी झाली, साडी नेसते. तो फ्रॉक अजून त्याच खुंटीवर आहे, आणि आजोबा अधूनमधून त्याची दुमड थोडी उसवतात.

"काय करणार," म्हणतात, "वाढतं अंग आहे पोरीचं."