बारवेच्या आईचं न्हाण

या बाळांनो, असे जवळ सरका. कीर्तनात बुवा अभंग थांबवून मध्येच एखादी गोष्ट सांगतात ना, आणि मागे पेंगणारेही मान वर करतात, तशी एक गोष्ट माझ्याकडे आहे.

तेलगावच्या आत एक वाडी आहे, तिच्या डोक्यावर फिरंग्याची गढी. दोनशे वर्षांपूर्वी निजामाच्या फौजेत दलाँ नावाचा फ्रेंच सरदार होता. इथली जहागीर मिळताच त्याने आपल्या मुलखातल्या वडिलांच्या किल्ल्यासारखी गढी बांधली. गोल बुरूज, त्यांवर उंच टोकदार टोप्या. तीन पिढ्या ते घराणं इथे नांदलं, मग हैदराबादकडे निघून गेलं. टोप्या पडल्या. बुरजांची पांढरी माती लोकांनी घरांच्या माळवदांवर, म्हणजे मातीच्या छतांवर टाकायला नेली. उरली ती पायथ्याची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि तिच्या काठावरची शेंदूर माखलेली शिळा. तिला सगळे ‘बारवेची आई’ म्हणतात.

सुट्टीत बीडहून तेजश्री आणि तिचा धाकटा भाऊ पप्पू आपल्या बायनामावशीकडे आले होते. मावशी बारवेच्या पाण्यावर मेथी-वांगी पिकवायची. पण यंदा गढी अर्जुनरावांनी विकत घेतली होती. तिथे मंगल कार्यालय होणार, आणि बारव बुजवून गाड्या लावायला जागा.

“बारव गेली की कोयता घ्यायचा अन् ऊसतोडीला जायचं,” मावशी वाफ्याला पाणी देत म्हणाली. “दुसरं काय हाय आपल्या हातात?”

तेवढ्यात दुकानदार केदारनाथअप्पांची शिवांजली पायऱ्या उतरत आली. “अर्जुनरावांनी आज पुन्हा दोन किलो शेंदूर नेला. महिन्यात तिसऱ्यांदा. अप्पा म्हणतात, लई भाविक माणूस हाय.”

“भाविक?” पप्पू म्हणाला. “काल मी बघितलंय. देवीचं तोंड कोरडं, अन् सगळा शेंदूर खाली पोटावर थापतो. भिंतीला गिलावा केल्यागत.”

तेजश्री शिळेपाशी जाऊन उभी राहिली. खरंच, वरचा शेंदूर जुना, काळपट. खालचा ताजा, बोटभर जाड. “देवाला लावणारा आधी तोंडाला लावतो,” ती हळूच म्हणाली. “खाली तो काहीतरी झाकतोय.”

“खरवडून बघू या,” पप्पू म्हणाला.

“खुळा हायस का? देवी आहे ती,” शिवांजलीने त्याचा हात धरला. “आणि आपण खरवडलं तर उद्या तोच म्हणेल, पोरांनीच काहीतरी कोरलं.”

“मग सगळ्यांसमोर निघालं पाहिजे,” तेजश्री म्हणाली. “मावशी, वैशाखी पौर्णिमेला देवीला न्हाण कोण घालतं?”

“आपल्याच घराचा मान हाय तो. पण आता नुसते चार थेंब शिंपडते. लई पयले, आजेसासूच्या काळी, कढत पाण्यानं, रिठ्यानं घालायचे. शेंदराची जुनी खोळ गळून पडायची, मग नवा शेंदूर. तवा वाचता कुणाला येत होतं!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पौर्णिमा परवावर आली होती.

त्या दिवशी शहादेवबुवांचं कीर्तन बारवेच्या काठीच होतं. गजर संपला आणि मावशी वाफाळता हंडा घेऊन पुढे आली. मागे तिघं जण रिठ्याच्या पाण्याच्या बादल्या घेऊन.

अर्जुनराव उठलेच. “एवढं कशाला? मी कालच लेप दिलाय. यंदा न्हाण राहू द्या.”

“लेप दिला म्हणून न्हाण चुकतं का?” पप्पू म्हणाला. “मग आम्ही पण पावडर लावतो, आंघोळ राहू दे.”

मंडपात हशा पिकला. सरपंच सुभद्राबाई म्हणाल्या, “रीत हाय ती. घाल गं बायना.”

पहिल्या हंड्याने शेंदूर मऊ झाला. दुसऱ्याने खोळीला तडा गेला. तिसऱ्या हंड्याला सगळा गिलावा थप्पकन खाली आला, आणि काळ्या दगडावर अक्षरं उघडी पडली. वर फिरंगी लिपीत एक ओळ, खाली आपल्या बाळबोध अक्षरांत मराठी. ती मराठी ओळ तेजश्रीने मोठ्याने वाचली:

“दलाँ साहेबाची बायको मादलेन हिने ही बारव बांधोन साऱ्या गावास दिली. गढी विकली तरी बारव विकू नये.”

माणसं अक्षरं बघायला पुढे सरकली. मग सुभद्राबाईंनी विचारलं, “अर्जुनराव, तुमाला हे ठाऊक होतं?”

“दोन महिन्यांमागं टवका उडाला, तवा दिसलं,” ते खाली बघत म्हणाले.

“मग शिळा फोडली कावून न्हाई?” पप्पूने विचारलंच.

“देवीवर पहार कशी चालवू रे पोरा? घरात लेकरंबाळं हायेत.”

शहादेवबुवा खळखळून हसले. “लबाडी केली ती पण हात जोडून! अर्जुनराव, तुमच्यात देव शिल्लक हाय. बारव सोडा.”

“सोडली,” अर्जुनराव म्हणाले, आणि स्वतः हंडा उचलून देवीच्या तोंडावर पाणी घातलं.

“उद्याच तलाठ्याला बोलावून या अक्षरांचा पंचनामा करू,” सुभद्राबाई म्हणाल्या. “आन् ह्या तीन पोरांचं नाव त्यात पयलं.”

“पण बुवा, आता हिला देवी म्हणायचं का नाही?” शिवांजलीने विचारलं.

“दोनशे वर्षं पाणी पाजतीय ती,” बुवा म्हणाले. “तूच सांग, काय म्हणायचं.”

मावशीने शिळेला हळद-कुंकू वाहिलं आणि मेथीची पहिली जुडी पुढे ठेवली. ऊसतोडीचा कोयता घरात आढ्याला टांगलेलाच राहिला.

मादलेनबाईंचं नाव तर दगडावरच आहे, ते जाणार नाही. पण ज्या पाथरवटाने ती अक्षरं इतकी खोल कोरली की पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने बुजली नाहीत, त्याचं नाव कुठेच नाही. बाळांनो, कधी ओंजळीने पाणी प्यालात, तर एक घोट त्याच्या आठवणीने घ्या.