वेगळी चूल

जानेवारीतल्या, म्हणजे उरुग्वेतल्या ऐन उन्हाळ्यातल्या, त्या दुपारी ताकुआरेम्बो गावाच्या रस्त्यावर चिटपाखरूसुद्धा नव्हतं. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. आणि नेमकी तीच वेळ साधून विल्माररावांच्या, म्हणजे गावाच्या भाषेत डॉन विल्मारच्या, मांसाच्या दुकानातल्या कोल्ड रूमनं एक लांब उसासा टाकला... आणि ती बंद पडली.

आत अख्खे बैल लटकत होते. डॉन विल्मार घाम पुसत मशीनला शिव्या घालत होते, आणि त्यांची मुलगी नोएलिया गल्ल्यावर बसून फोनवर फोन लावत होती. नेहमीचा मिस्त्री बायकापोरांना घेऊन समुद्रावर गेलेला. दुसरा फोनच उचलेना. तिसरा म्हणाला, "रिवेराहून एक नवा पोरगा आलाय, फर्मीन नावाचा. पाठवतो त्याला."

थोड्या वेळानं दारात मोटारसायकल थांबली. हत्यारांची पेटी घेऊन एक उंच, उन्हानं रापलेला तरुण आत आला.

"पेशंट कुठाय?"

"आत," नोएलिया म्हणाली. "पण आतले सगळे आधीच मेलेत."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडली, दुसऱ्यावर नाही. हे आपण इतक्या लगेच कसं काय बघितलं, याचं नोएलियाला जरा आश्चर्यच वाटलं.

तासाभरानं कॉम्प्रेसर गुरगुरला, थरथरला, आणि शहाण्यासारखा चालू लागला. डॉन विल्मारचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सुरी उचलली, बरगड्यांची एक लांब, सुरेख पट्टी काढली, कागदात गुंडाळली आणि फर्मीनसमोर धरली.

"मजुरीचं वेगळं. हे माझ्याकडून. असा माल तुला अख्ख्या गावात मिळायचा नाही."

"मनापासून आभार, डॉन विल्मार," फर्मीन म्हणाला. "पण... मी मांस खात नाही."

किमा घ्यायला आलेल्या ओल्गाबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावायचाच काय तो बाकी ठेवला.

"आजारी आहेस का रे, लेकरा?"

"नाही हो."

"मग चिकन घे ना."

"चिकनपण नाही. दूध, अंडी, चीज... काहीच नाही."

"अरे देवा! मग जगतोस तरी कशावर?"

"जगतोय खरा," फर्मीन स्वतःकडे बघत म्हणाला. नोएलियाला फस्सकन हसू आलं. ते तिनं खोकल्यात लपवलं, पण उशीर झाला होता. त्यानं पाहिलं होतं.

डॉन विल्मार हसले नाहीत. त्यांनी ती पुडी फळीवर आपटली. "याची मजुरी दे गं," एवढं बोलून ते आत निघून गेले.

नोएलिया त्याच्या मागोमाग बाहेर आली. "बाबांचं मनावर घेऊ नका."

"मी कुठं घेतोय? ते घेतायत."

"पण मग... खाटकाची कोल्ड रूम कशाला दुरुस्त करता?"

त्यानं पेटी मोटारसायकलला बांधली. "जनावर तर मेलंच आहे. सडलं असतं, तर फुकट मेलं असतं." आणि तो गेला. नोएलिया बराच वेळ उन्हात उभीच राहिली.

पुन्हा भेट झाली ती चौकात. संध्याकाळी सगळं गाव तिथं बाकड्यांवर टेकतं, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात येर्बाच्या, म्हणजे तिथल्या कडू पानांच्या चहाच्या, तुंबा घेऊन. नोएलिया एकटीच बसली होती. फर्मीन तिच्या बाकापाशी घुटमळला.

"बसा," ती म्हणाली. तुंब्यात पाणी ओतून तिनं तो पुढं केला. "हे तरी चालतं ना?"

त्यानं नळीनं एक कडू घोट घेतला. "हे तर गवतच आहे."

"म्हणजे तुम्ही आणि गाय एकाच पंगतीला!"

"हो. पण गाय मला अहो-जाहो करत नाही."

"बरं..." नोएलिया हातातल्या थर्मासकडे बघत म्हणाली, "मग तू."

त्या एका अक्षरानंतर दोघांनाही एकदम समोर बघायची घाई झाली. समोर कोणाचातरी चेंडू कारंज्यात पडला, कोणीतरी तो काढला, आणि ते दोघांनीही फार लक्ष देऊन पाहिलं.

"खरं सांग," शेवटी ती म्हणाली. "पोस्टात तू म्हणालास, डॉक्टरांनी मना केलंय. औषधाच्या दुकानात म्हणालास, नवस आहे. पेट्रोल पंपावर तर म्हणे, गाईची ॲलर्जी!"

"लोकांना कारण दिलं, की ते शांत होतात."

"मला खरं कारण सांग."

तो जरा लाजला. "हसशील."

"हसेन की. त्यात काय?"

"रिवेराजवळच्या एका कत्तलखान्यात मी कोल्ड रूमचं काम बघायचो. एकदा बाहेरच्या अंगणात पंप दुरुस्त करत होतो. कुंपणापलीकडच्या गाईनं जीभ काढून माझं कोपर चाटलं. घामाचं मीठ लागलं असेल. बराच वेळ चाटत होती..." त्यानं कोपर चोळलं. "त्या रात्री घास उतरेना. म्हटलं, उद्या होईल ठीक. चार वर्षं झाली. मी काही ठरवलं वगैरे नाही गं. ते उद्या आलंच नाही."

नोएलिया हसली नाही.

मग त्या संध्याकाळी वाढतच गेल्या. गावाला तेवढंच पुरे होतं. दुकानात गिऱ्हाईकं विचारू लागली, "नोएलिया, सशाला आज गाजर घातलंस का?" गंमत म्हणजे तीच माणसं फर्मीन समोर आला की आपणहून खुलासे द्यायची. पोस्टातला कारकून म्हणायचा, "मीपण आताशा कमीच खातो हं." बेकरीवाला छाती पुढं काढून म्हणायचा, "मी तर खाणारच! मरेपर्यंत!"

"मी विचारलंच नव्हतं," फर्मीन नंतर तिला सांगायचा. "मी फक्त पाव मागितला होता."

ती खो खो हसायची. पण खरं सांगायचं तर, तिलाही ते अधूनमधून टोचायचं. ती सँडविचमधलं हॅम चावायची आणि नकळत त्याच्याकडे बघायची. तो तिच्या ताटाकडे कधीच पाहायचा नाही. तो बघायचा तिच्याकडे. तरीसुद्धा...

मार्चमध्ये तिनं त्याला रविवारच्या असादोला, निखाऱ्यावरच्या मांसाच्या मेजवानीला, घरी बोलावलं. दर रविवारी मागच्या अंगणात डॉन विल्मार लाकडं पेटवत, निखारे पसरत, आणि दुपारपर्यंत त्या जाळीजवळून हलत नसत. फर्मीन येताना मोठा वाडगा भरून बटाट्या-वाटाण्याची कोशिंबीर घेऊन आला. टेबलाशी काका होते, ब्लांकाआत्या होती.

"काय रे, झाडांना दुखत नाही का?" काकांनी सुरुवात केली.

"सवय आहे त्यांना," फर्मीन म्हणाला. "तुमच्यासारखे विनोद ऐकून ऐकून."

काकाच सगळ्यात मोठ्यानं हसले. वाटलं, निभावलं. तेवढ्यात डॉन विल्मार लाकडी पाट घेऊन आले. त्यावर चरचरणारे, रसरशीत तुकडे. त्यांनी पहिला तुकडा पाहुण्याच्या ताटात ठेवला. फर्मीननं तो हसतमुखानं उचलून नोएलियाच्या ताटात सरकवला.

"आमच्या घरी पहिला तुकडा पाहुण्याचा असतो," डॉन विल्मार म्हणाले.

"माहीत आहे. आभारी आहे. पण..."

"पण काय? माझ्या आजोबांनी हीच सुरी चालवली, माझ्या बापानं चालवली. ही पोर शिकली ती या सुरीवर. आणि तू माझ्या अंगणात बसून... मला समजतोस तरी काय? खुनी?"

"मी असं कधी म्हणालो?"

"म्हणत नाहीस! तेच तर! म्हणाला असतास, तर मीही चार शब्द सुनावले असते. तू नुसता हसतोस आणि ताट बाजूला सारतोस!"

नोएलियानं घाईघाईनं काटा उचलला. तिनं एक छोटासा तुकडा काट्याला लावला आणि त्याच्या ओठांपाशी नेला.

"एक घास, फर्मीन. फक्त एक... माझ्यासाठी."

त्यानं काट्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"दुसरं काहीही माग."

"मी हेच मागतेय."

त्यानं तिचा हात हलकेच खाली केला, सगळ्यांचा निरोप घेतला, आणि तो गेला. मोटारसायकलचा आवाज कोपऱ्यावर वळून विरला.

पुढचे काही दिवस नोएलिया रागातच होती. माझ्यासाठी एक घास नाही? एवढंसुद्धा नाही? संध्याकाळी ती चौकात गेली नाही. पण एका सकाळी गल्ल्याशी बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, समजा, खाल्ला असता त्यानं तो घास... तर? त्याचं प्रेम कळलं असतं? ते तर कधीच कळलं होतं. मग मला हवं होतं तरी काय? हेच ना, की तोही आमच्यासारखाच आहे, म्हणजे आमचं काही चुकत नाही? त्यानं कधी चूक काढलीच नव्हती. तरीही त्याचं ताट वेगळं दिसलं, की वाटायचं... कोणीतरी आपल्याला मोजतंय.

दुपारी दुकान बंद झाल्यावर डॉन विल्मार सुरीला धार लावत बसले होते. नोएलिया त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"एवढं का लागलं तुम्हाला, बाबा?"

धारेचा आवाज थांबला. त्यांनी सुरी मांडीवर आडवी ठेवली.

"तुझ्या आईला शेवटी शेवटी मांसाचा वाससुद्धा सोसेना. मी रोज निवडून आणायचो. कोवळ्यात कोवळा तुकडा. ती हसायची... आणि ताट बाजूला सारायची. अगदी त्या पोरासारखी." त्यांनी पात्यावर अंगठा फिरवला. "मला बोलता येत नाही गं. कोणी आवडलं तर काय म्हणायचं असतं, ते मला कळत नाही. मला भाजता येतं. तेवढंच येतं. आणि ते कोणी नको म्हटलं, की..."

नोएलियानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "त्यालाही भूक लागते, बाबा. तोही दोन वेळा जेवतो. फक्त दुसरं काहीतरी."

ते पुन्हा सुरीला धार लावू लागले. पण दुसऱ्या दिवशी गावभर बातमी झाली, डॉन विल्मार भाजीवाल्याकडे गेले होते! तिथं एकेक वांगं हातात घेऊन, दाबून, उजेडात धरून बघत होते म्हणे. भाजीवाल्यानं काळजीनं विचारलं, "डॉक्टरांनी काही सांगितलंय का?" तर म्हणाले, "तू तुझं काम कर. निखाऱ्यावर यातलं कुठलं टिकेल, ते सांग."

नोएलिया फर्मीनला शोधत निघाली. तो औषधाच्या दुकानाच्या गच्चीवर एसी दुरुस्त करत होता. पाऊस भुरभुरत होता.

"खाली ये!" तिनं रस्त्यातून हाक मारली.

वरून डोकं डोकावलं. "भांडायला?"

"माफी मागायला! पण वर बघून मान दुखतेय."

तो खाली उतरला. दोघं छपराच्या वळचणीला उभी राहिली. पागोळ्यांचं पाणी तिच्या खांद्यावर पडत होतं, पण ती जराही सरकली नाही.

"तो घास मी तुझ्यासाठी धरलाच नव्हता," ती म्हणाली. "माझ्यासाठीच धरला होता. मला भीती वाटत होती... की तू एक दिवस मलाही असंच हसून बाजूला सारशील."

"वेडी आहेस." त्यानं तिच्या कपाळावरची ओली बट मागं केली. त्याच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता. "तुला बाजूला सारायला मी अजून हात तरी कुठं लावलाय?"

ती लाजली, आणि लाजल्याचा तिला राग आला. "रविवारी ये. बाबांनी बोलावलंय."

"पुन्हा?"

"ते भाजीवाल्याकडे गेले होते."

"कोण?"

"बाबा."

फर्मीननं खिशात घालायचा पाना रस्त्यावरच टाकला.

रविवारी अंगणात दोन चुली पेटल्या होत्या. एक नेहमीची. दुसरी विटा रचून केलेली, तिच्यावर कोरी करकरीत जाळी. "हिला चरबीचं बोट लागलेलं नाही," डॉन विल्मार फर्मीनकडे न बघता म्हणाले. "कोणी लावलं, तर माझ्याशी गाठ आहे." काकांनी चिमटा हातात धरून दोन पावलं मागं घेतली.

राखेत रताळी पुरली होती. जाळीवर वांगी, कांदे, लाल ढोबळी मिरच्या. डॉन विल्मार दोन चुलींच्या मधे धावत होते आणि तोंडानं सारखे पुटपुटत होते, "याचं काही कळत नाही... आतून शिजलंय की नाही, कसं ओळखायचं?" शेवटी त्यांनी एक वांगं चिरलं, मीठ भुरभुरलं, तेल सोडलं, आणि ते स्वतःच्या हातानं फर्मीनच्या ताटात ठेवलं. मग तिथंच उभे राहिले, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे.

फर्मीननं घास घेतला. चावला. डोळे मिटले.

"डॉन विल्मार... चार वर्षांत माझ्यासाठी कोणी चूल पेटवली नव्हती." त्यानं उरलेलं वांगं संपवून रिकामं ताट पुढं केलं. "आणखी आहे का?"

डॉन विल्मारनी नुसती मान हलवली, आणि दोन वांगी वाढली. मग भाजणाऱ्याला टाळ्या द्यायची तिथली रीत पाळत फर्मीन उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. ब्लांकाआत्या उठली, काका उठले, सगळं टेबल टाळ्या वाजवू लागलं. हातात चिमटा धरून तो एवढा दांडगा माणूस नुसता उभा होता, कान लाल झालेले, कुठं बघावं ते न कळून.

नोएलियानं फर्मीनला द्राक्षाच्या मांडवाखाली ओढून नेलं. तिच्या हातात बरगडीचा तुकडा होता.

"हे बघ, मी मात्र हे सोडणार नाही."

"मी सोड म्हणालो?"

"नाही. कधीच नाही." ती थांबली. "म्हणूनच... हो."

"हो? कशाला हो? मी अजून काही विचारलंच नाही!"

"मग विचार ना! कधीपासून थांबलेय मी..."

त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात चुलीकडून डॉन विल्मारचा आवाज गरजला, "फर्मीन! अरे, मिरच्या करपतायत! आधी खाऊन घे, मग विचार तिला. ती कुठं पळून जात नाही!"

अख्खं टेबल हसलं. फर्मीनसुद्धा. त्याच्या एका गालावर खळी पडली, आणि नोएलियानं ती सगळ्यांदेखत टिपली, तेलकट ओठांनी.

"आता तोंड धुवावं लागेल तुला," ती म्हणाली.

"राहू दे," तो म्हणाला, आणि त्यानं विचारलं.