कंबरेच्या फोटोतला हात

खोटं वाटलं तर वाटू दे. मी तिथे होते, दाराबाहेरच्या बाकावर. जे ऐकलं आणि पाहिलं, तेवढंच सांगते.

साल एकाहत्तर. मार्च महिना. रात्र नव्हती हो... भर दुपार होती. मुलुंडच्या रस्त्यावर चपला डांबराला चिकटत होत्या.

आम्ही तेव्हा घाटकोपरला राहायचो. आमचे हे, दत्ताराम, भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर होते. वय तिशीच्या आतलं. कंबर मात्र म्हाताऱ्याची.

सकाळी उठायला गेले की अंगाचं लाकूड झालेलं असायचं. मी हात देऊन बसवायची. चालले, फिरले की हळूहळू मोकळे व्हायचे. रविवारी लोळून काढला की सोमवारी आणखी हाल.

मोठ्या इस्पितळातले सर्जन म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय. पाठीत सुई घालून औषध सोडू, मग फोटो काढू, मग ऑपरेशन. तारीखही देऊन टाकली.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधला एकजण तसल्या ऑपरेशननंतर पुन्हा उभा राहिला नव्हता. मी नणंदेकडे धावले.

नणंद म्हणाली, "वहिनी, एकदा आमच्या मुलुंडच्या डॉक्टर बॅप्टिस्टना दाखव."

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आधी एकच विचारलं, "पडून राहिलं की बरं वाटतं, की हिंडलं की?"

"हिंडलं की," हे म्हणाले.

"मग गादी कशाला सरकेल? मला सांध्यांची सूज वाटते. सुई राहू दे. आधी साधा एक्स-रे काढा. पाठीचा नको, त्याच्या खालचा. मणके संपतात तिथले दोन्ही बाजूंचे सांधे दिसले पाहिजेत."

"त्यात दिसलं तर सुई टळेल?" मी विचारलं.

"दिसलं तर टळेल. पण हा आजार फोटोत दिसायला कधी कधी वर्षं जातात, बाई. काहीच दिसलं नाही, तर त्या सर्जनना मी कसा अडवू?"

एक्स-रेची जागा पलीकडच्या गल्लीत होती. जुनी बंगली, तळमजला. फोटो काढणारे रतन नावाचे गृहस्थ होते.

"वहिनी, तुम्ही बाहेर बसा. आत कोणी थांबायचं नाही."

दार बंद झालं. वर लाल दिवा लागला.

आतून रतनचा आवाज आला. "हलू नका... श्वास धरा..."

मशीन घुमलं.

आणि मग ह्यांचा आवाज...

"मालन, हात काढ गो. गार लागता."

मालन म्हणजे मी. आणि मी तर बाहेर बाकावरच होते.

"कोण मालन? इथे कोणी नाय. हलू नका म्हटलं ना!" रतन ओरडले.

थोड्या वेळाने ते ओली फिल्म धुऊन बाहेर आले. चेहरा उतरलेला.

"वहिनी, तुम्ही आत आला होतात?"

"नाही ओ."

"खरं सांगा."

"देवाशपथ नाही."

"दुसरा काढावा लागेल," एवढंच म्हणाले. ह्या वेळी त्यांनी आतून कडी घातली. मी ऐकली.

पुन्हा लाल दिवा.

पुन्हा "श्वास धरा..."

आणि आत... बांगड्या किणकिणल्या.

मी माझे हात पाहिले. मांडीवर होते. गप्प.

कडी निघाली. हे बाहेर आले ते भिंत धरून. घामाने सदरा भिजलेला, पण बोटं बर्फासारखी. माझ्याकडे बघेनात.

रतन दोन्ही फोटो घेऊन स्वतः आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांनी पहिला फोटो दिव्यावर लावला.

कंबरेची हाडं होती. आणि त्यांच्यावर... एक हात.

हाताची हाडं. बारीक, बाईमाणसाची. मनगटाभोवती बांगड्यांची पांढरी वळी. पंजा उजव्या बाजूला सपाट ठेवलेला.

दुसऱ्या फोटोत पंजा मिटलेला होता. फक्त एक बोट बाहेर. डाव्या सांध्याच्या खालच्या कडेला टेकवलेलं.

डॉक्टरांनी गळ्यातल्या क्रुसाला हात लावला. मग भिंग घेतलं आणि ते बोट जिथे टेकलं होतं तिथे बघत राहिले... किती तरी वेळ.

"रतन, ही कड बघ. उंदराने कुरतडल्यासारखी. उजवीकडेही आहे, थोडी. मी एरवी सोडून दिली असती."

"साहेब, तो हात..."

"मी सांध्याबद्दल बोलतोय." त्यांनी फोटो दिव्यावरून उतरवले. "सर्जनना फोन करतो. सुई नको, ऑपरेशन नको."

आमची वाट लागता लागता राहिली. गोळ्या आणि व्यायाम सुरू झाले. पुढे ह्यांची पाठ थोडी वाकली, मान वळेना, पण रिटायर होईपर्यंत आपल्या पायांनी कामावर गेले. बॅप्टिस्ट डॉक्टरांनी ते फोटो आम्हाला कधी दिले नाहीत. आम्हीही मागितले नाहीत.

त्या दुपारी बसमध्ये मी ह्यांना विचारलं, "अहो, आत काय झालं?"

"ती बोलली."

"काय बोलली?"

"तुझ्याबद्दल होतं."

त्यापुढे शब्द नाही. मी रडले, भांडले, पोरांची शपथ घातली. ह्यांनी सांगितलं नाही ते नाहीच. गेल्या वर्षी हे गेले. शेवटच्या आजारपणातही मी विचारलं. माझ्याकडे डोळे भरून पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

आता माझा खुबा दुखतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितलाय. माझी मुलगी विमला रोज मागे लागते. "आई, दोन मिनिटांचं काम गं. आत एकटीला तर झोपायचंय."

तिला काय सांगू?

मी रोज म्हणते, उद्या जाऊ.