राहिलेला वाटा

रविवारी सकाळी ती इस्त्रीवाल्याकडे नवऱ्याचा निळा शर्ट आणायला गेली. दुपारी शाळेत त्यांच्या दहावीच्या बॅचचा मेळावा होता आणि साहेबांना घालायला तोच शर्ट हवा होता. दोघं एकाच वर्गातली, तो शेवटच्या बाकावरचा आणि ती मधल्या रांगेतली. पुढे तो पोस्टात खिडकीवर बसू लागला, ती दातांची डॉक्टर झाली, आणि बाजारपेठेत खाली दवाखाना, वर घर असा संसार उभा राहिला. एकुलती एक लेक यंदाच लांबच्या शहरात शिकायला गेली होती. घर जरा रिकामं वाटायचं, पण तक्रार करावी असं काही नव्हतं.

वर्गात तिचं नाव पडलं होतं 'शी'. कोणी थुंकी लावून पान उलटलं की शी, कोणी दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावलं की शी. असली पोरगी मोठेपणी लोकांच्या तोंडात हात घालायचा धंदा करते, याचं सगळ्यांना हसू यायचं. ती म्हणायची, हातात मोजे असतात, आणि एका वेळी तोंड एकाचंच असतं.

तिच्या या किळसेची एक गोष्ट सगळ्या बॅचला पाठ होती. शाळेच्या शेवटच्या दिवशी मॉनिटरने एक च्युइंग गम आणला होता. सगळ्या वर्गात मिळून एकच. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाने तोच चावायचा आणि पुढच्याच्या हातावर ठेवायचा, म्हणजे जन्मभर कोणी कोणाला विसरणार नाही. ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे, पण चांगल्या घरची पोरंपोरी मुकाट्याने तो चावत गेली. तिच्यापर्यंत आला तेव्हा तो राखाडी झाला होता. त्याला लाळेची तार सुटली होती आणि एक केस चिकटला होता. "माझं तोंड आलंय," असं म्हणून तिने रुमाल ओठांवर दाबला. वर्गाने गिल्ला केला. तेव्हा शेवटच्या बाकावरून जाड चष्म्याचा ढापण्या, आताचा तिचा नवरा, उठला आणि म्हणाला, "तिच्या वाटचं मी चावतो." गम त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याने तो दोनदा चावला, एकदा तिच्यासाठी, एकदा स्वतःसाठी, आणि आपल्या बाकाखाली चिकटवून टाकला.

त्या एका वाक्याने तिचं त्याच्यावर मन बसलं. आणि त्याच प्रकारामुळे पुढे कितीतरी वर्षं तिने त्याला जवळ येऊ दिलं नाही. लग्नाआधी त्याचे दात तिने स्वतः घासून पुसून लख्ख केले होते. हे ती हसत सांगायची, पण ते अगदी खरं होतं.

मेळाव्यात वर्ग तोच होता, फक्त बाकं लहान झाल्यासारखी वाटत होती. तीस वर्षांत सुटलेली पोटं त्या बाकांत कोंबून सगळे बसले. बंद खोलीत घामाचा, अत्तराचा आणि जुन्या लाकडाचा वास दाटला होता. मॉनिटर आता किराणा दुकानदार झाला होता, पण हुकूम सोडायची सवय तशीच. बोलता बोलता तो शेवटच्या बाकापाशी गेला, वाकला आणि खाली हात घालून चाचपू लागला.

"आहे रे... अजून आहे."

त्याने ओढला तेव्हा लांबलचक तारा सुटल्या. चिकटवताना तो वाटाण्याएवढा होता, आता आवळ्याएवढा झाला होता. आणि मऊ होता. इतक्या वर्षांचा गम दगडासारखा कडक व्हायला हवा, हे तिला दातांची डॉक्टर नसती तरी कळलं असतं. मॉनिटरने तो सरळ तोंडात टाकला. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, आणि गोळा पुन्हा पहिल्या बाकावरून निघाला. बायका पदराआड चावत होत्या. टक्कल पडलेले बाप्ये डोळे मिटून चावत होते. पहिल्या बाकावरची एक मैत्रीण मागेच कॅन्सरने गेली होती. तिच्या रिकाम्या जागी गोळा लाकडावर ठेवला, जरा थांबले, आणि उचलला. उचलला तेव्हा तो मघापेक्षा ओला होता.

ती उठली, बाहेरच्या नळापाशी गेली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली. तोंड धुऊन वर पाहिलं तर खिडकीतून नवरा दिसला. तो चावत होता. त्याचं चावणं एकदा संपलं, आणि मग पुन्हा सुरू झालं. या वेळी त्याने तो बाकाखाली चिकटवला नाही.

आठवडाभरात त्याच्या तोंडी एकच विषय राहिला. गणिताच्या तासाला छतावरून पाल पडली ती सरांच्या कॉलरमध्ये कशी गेली, ही गोष्ट तो जेवताना सांगायचा, आंघोळीहून येताना सांगायचा. तिने हसून सोडून दिलं. पण मग दाढ दुखते म्हणून मॉनिटर दवाखान्यात आला आणि त्यानेही तीच सांगितली, त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून, त्याच जागी हसून. दुसऱ्या दिवशी शिवणकाम करणारी एक वर्गमैत्रीण आली, तिनेही तशीच सांगितली. कोणीतरी आधीच चावून मऊ केलेली गोष्ट हे सगळे आपापल्या तोंडात फिरवत आहेत असं तिला वाटलं, आणि तिला उबग आला. तरी त्या दोघांना आपली पोरंबाळं, दुकान, गिऱ्हाइकं सगळं आठवत होतं. नवऱ्याचं तसं नव्हतं.

एका सकाळी चहा घेताना त्याने तिला विचारलं, "मग तू हल्ली कुठे असतेस?"

तिला आधी थट्टा वाटली. "तुझ्या घरात," ती म्हणाली.

"हो का? बरं झालं," तो सभ्यपणे म्हणाला. "आई काय म्हणते तुझी?"

तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला त्यानेच खांदा दिला होता.

मोठ्या गावच्या मेंदूच्या डॉक्टरने फोटो काढले आणि सगळं ठीक आहे म्हणून परत पाठवलं. एकदा तो बेसिनजवळ तोंड धूत असताना त्याच्या श्वासाला शिळा, गोडसर वास येतो हे तिच्या लक्षात आलं. तिने त्याला खाली नेऊन खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि आरसा आत घातला. शेवटच्या दाढेमागे, हिरडीच्या कोपऱ्यात, राखाडी गोळा होता. भिंगातून त्यावर दातांचे ठसे दिसले. त्यातला एक तिने लगेच ओळखला. पुढचा दात, कोपरा तुटका. मॉनिटरचा. पण तो दात तिनेच दहा वर्षांपूर्वी कॅप बसवून नीट केला होता, आणि ठसा ताजा होता. बघता बघता त्या ठशाशेजारी एक नवीन खळगा पडला, मग आणखी एक. नवऱ्याचा जबडा उघडाच होता, अजिबात हलत नव्हता.

तिने तो खरवडून काढला. मोज्यातूनसुद्धा तो कोमट लागला. कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून पिशवीचं तोंड बांधलं, हात तीनदा धुतले. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तर तो जागच्या जागी होता, आणि जरा मोठा झाला होता. मग तिने ती दाढच काढली. सकाळी जखमेच्या खड्ड्यात रक्ताऐवजी तोच भरलेला होता.

मॉनिटर दुसऱ्यांदा आला तेव्हा खुर्चीत बसला नाही. दारातच उभा राहिला. त्यालाही हे आवडत नसावं, कारण तो सारखा खाली बघत होता.

"शी... त्याच्या तोंडात दोन वाटे आहेत."

"मग तू काढ. तूच आणला होतास."

"आम्ही आमचे घेतले. तुझा राहिलाय." तो एक पाऊल मागे सरला. "राहिलेला वाटा मुरत जातो बघ. दुसऱ्याच्या तोंडात मुरला तर... त्याला खातो."

"चालता हो," ती म्हणाली. तो गेला. जाताना पायऱ्यांवर तो ती पालीची गोष्ट स्वतःशीच पुटपुटत होता.

पुढच्या रविवारी दुपारी ती खाली हत्यारं उकळायला लावून बसली होती. शटर अर्धं ओढलं होतं. नवरा खुर्चीत बसून छताकडे बघत हसत होता. फोन वाजला, तिच्या हातातले मोजे ओले होते म्हणून त्याने उचलला. लेकीचा होता. तिने बाबा म्हणून हाक मारली असणार, कारण तो म्हणाला, "नाही हो, इथे कोणी बाबा नाहीत. आमची सगळी मुलं दहावीत आहेत." आणि फोन ठेवून दिला.

फोन लगेच पुन्हा वाजू लागला. तिने उचलला नाही. उचलून पोरीला सांगणार काय? ज्या बापाने तिला पाळण्यापासून अंगाखांद्यावर वाढवलं, तो तिला ओळखत नाही, आणि आईला त्याचं कारण ठाऊक आहे, पण आईला किळस येते म्हणून ते तसंच राहिलंय?

तिने मोजे काढले. उघड्या बोटांनी त्याच्या तोंडातला दोन्ही वाट्यांचा सबंध गोळा धरला. तो सहज निघाला, इतका सहज की तिच्या अंगावर काटा आला. डोळे मिटून तिने तो जिभेवर ठेवला आणि दातांखाली घेतला.

तो कोमट होता. आधी तंबाखू लागली, मग कुणाच्या तापातलं कडू तोंड, कुणाच्या सडक्या दाढेची घाण, औषधाची आंबट ढेकर, पहिल्या बाकावरच्या त्या बाईच्या शेवटच्या दिवसांतलं कोरडं, लोखंडी रक्त. प्रत्येक चाव्यागणिक नवीन तोंड येत होतं. ती चावत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग चवी एकेक करून मिसळत गेल्या आणि गोडसर झाल्या. किळस कमी झाली. थोड्या वेळाने ती अजिबात उरली नाही, आणि तिला फार हलकं वाटलं.

नवऱ्याने चष्मा काढून पुसला आणि झोपेतून उठल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. "अगं, दाढ कधी काढलीस माझी?" फोन परत वाजला तसा त्याने तो घाईने उचलला. "बाळा? हो... हो, बाबाच. अगं रडू नकोस. मघाशी काय बोललो मला काही... थांब, आईला देतो."

त्याने फोन तिच्या हातात दिला. तो हसत होता. तिने फोन कानाला लावला, नीट ऐकून घेतलं, आणि परत केला.

"कोण पोरगी आहे रे? मला आई म्हणतेय," ती हळूच म्हणाली. "कुठल्या बाकावर बसायची?"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते आणि जबडा स्थिर होता. दवाखान्यात दोघांशिवाय कोणी नव्हतं, हत्यारांचं पाणीही उकळायचं थांबलं होतं. फोनमधून लेकीचा आवाज आला, घाबरलेला, अगदी बारीक.

"बाबा... आई काय चावतेय? आणि तिच्याबरोबर एवढे सगळे जण कोण चावतायत?"